खोका नवा मिळेल, सेटिंग कुठून आणाल?

पावसाळ्याच्या चार महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याआधी मे महिन्यात वळवाच्या सरींबरोबर विजा कडाडतात आणि ऑक्टोबरात पाऊस परतताना पुन्हा तेच. लाईट जाते, येते, लगेच पुन्हा जाते, आणि येताना कधी कधी व्होल्टेज नको तितके चढलेले असते. याचा मार खातात ती भिंतीवरची छोटी यंत्रे: घरातला राउटर, शाळेच्या संगणक कक्षातला स्विच, पतसंस्थेतला फायरवॉल, केबलवाल्याच्या खोलीतला ओएलटी, म्हणजे घरोघरच्या फायबर जोडण्या जिथून निघतात ते यंत्र. फायबर काचेचे असल्याने त्यातून विजेचा झटका येत नाही. तो येतो विजेच्या वायरीतून, तांब्याच्या लॅन केबलमधून किंवा फायबरभोवती धातूचे कवच असेल तर त्या कवचातून.

जळालेले यंत्र बदलणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. जिल्ह्यात मिळाले नाही तर कोल्हापूर-पुण्याहून येते. खरी अडचण ते आल्यानंतर सुरू होते, कारण खोक्यातून काढलेला राउटर कोरा असतो. इंटरनेट जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅनचा (जाळ्यातल्या आभासी विभागाचा) क्रमांक, कोणत्या संगणकाला कोणता आयपी पत्ता, वायफायचे नाव, सीसीटीव्ही बाहेरून मोबाइलवर दिसावा म्हणून उघडलेले पोर्ट, प्रिंटरसाठी राखून ठेवलेला पत्ता, कोणाला किती स्पीड आणि काय अडवायचे, यांतले त्याला काहीच ठाऊक नसते. हे सगळे मिळून त्या यंत्राचे कॉन्फिगरेशन होते. ते बहुतेक ठिकाणी एकाच माणसाच्या डोक्यात असते: ज्याने काही वर्षांपूर्वी जोडणी करून दिली त्याच्या. तो आता मुंबईला नोकरीला लागलेला असतो किंवा त्याचा नंबर लागत नसतो. मग दोन हजारांच्या यंत्रापायी दोन-दोन दिवस काम अडून राहते.

हा खोळंबा टाळता येतो. एका राउटरचे संपूर्ण कॉन्फिगरेशन बहुधा काही किलोबाइटच्या फाइलीत मावते, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही कितीतरी लहान. ती फाइल वेळेवर काढून ठेवणे, योग्य जागी ठेवणे आणि तिच्यावरून यंत्र पुन्हा उभे राहते का हे एकदा तपासून पाहणे, एवढाच हा सारा उद्योग. त्यात बारकावे मात्र बरेच आहेत.

अडते ते कुठे?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा तडाखा दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही बसला. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल सेवा कोलमडली, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. टाळेबंदीमुळे मुंबई-पुण्याहून गावी आलेली माणसे तेव्हा घरूनच नोकरी करत होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले आणि 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. अशा आपत्तीनंतर आधी वीज, मग फायबर आणि शेवटी यंत्रे, या क्रमाने जोडणी परत येते. पहिली दोन कामे आपल्या हातात नसतात. तिसरे असते.

गावोगावच्या केबल-इंटरनेट व्यावसायिकांसाठी तर प्रश्न एका घराचा नसतो. त्यांच्या खोलीतल्या ओएलटीच्या एका पॉन पोर्टवरून निघालेले एकच फायबर पुढे स्प्लिटरने विभागले जाते आणि एका पोर्टवर साधारण 64 घरांपर्यंत जोडण्या देता येतात. आठ पोर्टचा ओएलटी म्हणजे पाचशेहून अधिक घरे. प्रत्येक घरातल्या ओएनटीचा, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते त्या छोट्या यंत्राचा, सिरीयल नंबर, त्याचा व्हीलॅन, त्याचे पॅकेज, सगळी नोंद ओएलटीत असते. एका घरचा ओएनटी जळाला तर नव्याचा नंबर ओएलटीत चढवला की काम भागते. ओएलटीच गेला आणि त्याच्या कॉन्फिगरेशनची प्रत नसेल, तर पाचशे घरांची नोंदणी पहिल्यापासून करत बसावे लागते, तीही ग्राहकांचे फोन घेत घेत.

दोन स्मृती, दोन गैरसमज

मोठ्या स्विच आणि राउटरमध्ये कॉन्फिगरेशन दोन ठिकाणी असते. एक चालू प्रत, जी रॅममध्ये असते आणि जिच्यावर यंत्र त्या क्षणी काम करत असते. दुसरी साठवलेली प्रत, जी वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असते. यंत्र सुरू होताना ते साठवलेली प्रत वाचून चालू प्रत तयार करते. सिस्को कंपनीच्या यंत्रांत पहिलीला रनिंग-कॉन्फिग आणि दुसरीला स्टार्टअप-कॉन्फिग म्हणतात. बदल केला की तो लगेच लागू होतो, पण फक्त चालू प्रतीत. तो टिकवायचा तर चालू प्रत साठवलेल्या प्रतीवर उतरवण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. जुने तंत्रज्ञ अजूनही त्यासाठी ‘राइट मेमरी’ ही आज्ञा देतात.

ही आज्ञा द्यायची राहून गेली तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सगळे सुरळीत चालते, काम झाले म्हणून माणूस निघून जातो. यूपीएसच्या जोरावर यंत्र महिनोन्‌महिने चालू राहते. मग जूनच्या पहिल्या वादळात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी संपते, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होते आणि फेब्रुवारीत केलेला बदल नाहीसा झालेला असतो. दोष विजेला दिला जातो, पण चूक चार महिने जुनी असते. घरगुती राउटर आणि मायक्रोटिकसारखी यंत्रे बदल तिथल्या तिथे साठवतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे मात्र माहीत हवे.

दुसरा गैरसमज रीस्टार्ट आणि रिसेट यांच्यातला. रीस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणे; त्यात सेटिंग तशीच राहतात. रिसेट म्हणजे यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे करणे. यंत्राच्या मागच्या बाजूला छोट्या भोकात लपवलेले बटण टाचणीने काही सेकंद दाबून धरले की हे होते. नेट चालत नाही म्हणून कोणीतरी मदतीच्या भावनेने ते बटण दाबते आणि क्षणभराच्या अडचणीचे दिवसभराच्या कामात रूपांतर होते. शाळा, ग्रामपंचायत किंवा होमस्टेमध्ये राउटरशेजारी ‘बंद करून चालू करा, मागचे बटण दाबू नका’ अशी चिठ्ठी चिकटवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

यूपीएसचेही कॉन्फिगरेशन असते

कार्यालयातला, बँकेतला, रुग्णालयातला मोठा यूपीएस हा नुसता बॅटरीचा डबा नसतो. त्यात नेटवर्क मॅनेजमेंट कार्ड बसवलेले असते. हे कार्ड म्हणजे स्वतःचा आयपी पत्ता असलेला छोटासा संगणकच. लाईट गेली, बॅटरी किती उरली, तापमान किती, हे ते ईमेलने किंवा एसएनएमपी संदेशाने कळवते आणि बॅटरी ठरावीक मर्यादेखाली आली की सर्व्हरांना नीट बंद होण्याची सूचना देते. किती मिनिटे उरल्यावर, कोणता सर्व्हर आधी, लाईट परत आल्यावर किती वेळ थांबून चालू व्हायचे, हे सारे सेटिंगमध्ये असते. जिथे लाईट दिवसातून अनेकदा खेळते तिथे हे आकडे अनुभवाने ठरवलेले असतात. कार्ड बदलले आणि कारखान्यातले आकडे राहिले, तर सर्व्हर बंद होण्याआधीच बॅटरी संपू शकते.

एपीसी कंपनीच्या अशा कार्डांत सगळी सेटिंग एका साध्या मजकुराच्या आयएनआय फाइलीत उतरवून घेता येतात. फाइलीत चौकटी कंसांत विभागांची नावे आणि त्यांखाली एकेक ओळ असते. ती वाचता येते, सुधारता येते आणि पुन्हा कार्डावर चढवता येते. एकसारख्या वीस शाखा असतील तर एका कार्डावर सगळे नीट लावायचे, फाइल काढायची आणि तीच इतरांवर चढवायची. आयपी पत्त्यासारखी त्या-त्या यंत्रापुरती माहिती चुकून दुसऱ्यावर जाऊ नये याचीही सोय त्यात असते. म्हणजे प्रत ही केवळ संकटापुरती नसते, रोजचे कामही तिने हलके होते.

मजकुराची प्रत आणि बंद प्रत

कॉन्फिगरेशनच्या प्रती दोन तऱ्हेच्या असतात. एक यंत्राला कळणारी, आपल्याला न वाचता येणारी बंद फाइल. दुसरी आज्ञांच्या ओळींची, वाचता येणारी मजकुराची फाइल. आपल्याकडच्या छोट्या इंटरनेट व्यावसायिकांत लॅटव्हियातल्या मायक्रोटिक कंपनीचे राउटर बरेच दिसतात. त्यांत दोन्ही सोयी आहेत. ‘बॅकअप’ केले की बंद फाइल मिळते आणि ‘एक्सपोर्ट’ केले की मजकूर. बंद फाइल त्याच यंत्रावर परत चढवण्यासाठी उत्तम, पण दुसऱ्या मॉडेलवर तिचा भरवसा धरू नये. तीत जुन्या यंत्राचे मॅक पत्तेसुद्धा असतात. मजकुराची फाइल वेगळ्या मॉडेलवरही थोडेफार बदल करून वापरता येते. मात्र राउटरमध्ये लॉगइन करणाऱ्यांचे पासवर्ड आणि सर्टिफिकेटे तीत येत नाहीत, आणि त्या राउटरांच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीपासून इतर गुप्त मजकूरही मुद्दाम मागितल्याशिवाय लिहिला जात नाही. म्हणून दोन्ही काढाव्यात. जुने यंत्र दुरुस्त होऊन आले तर पहिली, नवे आणावे लागले तर दुसरी.

घरगुती राउटरमध्ये ‘सिस्टिम टूल्स’ किंवा ‘मॅनेजमेंट’ अशा नावाखाली ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ सापडते. तिथून येणारी फाइल बहुधा बंदच असते. त्यामुळे सेटिंगच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवणे, निदान इंटरनेट जोडणीचे युजरनेम आणि व्हीलॅन क्रमांक वहीत लिहून ठेवणे, हे तंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही जमण्यासारखे आहे.

यंत्रे पन्नासच्या वर गेली की हाताने प्रती काढणे कोणी फार दिवस करत नाही. त्यासाठी रॅन्सिड आणि ऑक्सिडाइज्ड यांसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. ते रोज ठरल्या वेळी प्रत्येक यंत्रात शिरून कॉन्फिगरेशन वाचते, कालच्या प्रतीशी ताडून पाहते आणि फरक असेल तर ईमेलने कळवते. कोणत्या तारखेला कोणती ओळ बदलली याचा इतिहास आपोआप तयार होतो. ‘मी काही केले नाही’ या वाक्याचा निकाल त्याने दोन मिनिटांत लागतो.

परत चढवताना

प्रत काढणे सोपे, परत चढवणे अवघड. पहिली अडचण फर्मवेअरची, म्हणजे यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरची. प्रत ज्या आवृत्तीवर काढली तिच्यापेक्षा नव्या यंत्रातली आवृत्ती वेगळी असेल तर काही ओळी नाकारल्या जातात. म्हणून फाइलीच्या नावातच ठिकाण, मॉडेल, आवृत्ती आणि तारीख लिहावी. ‘बॅकअप-फायनल-नवा’ अशा नावाची फाइल आणीबाणीत काही उपयोगाची नसते.

दुसरी अडचण अशी, की काही यंत्रांत बाहेरून आणलेले कॉन्फिगरेशन चालू प्रतीवर चढवले तर जुने पुसले जात नाही, नवे त्यात मिसळते. सिस्कोमध्ये असेच होते. नको असलेला जुना नियम तसाच राहतो आणि वर आपल्याला वाटते की सगळे बदलले. पूर्ण बदलण्यासाठी तिथे वेगळी आज्ञा आहे. तिसरी अडचण हमखास छळणारी: सिस्कोच्या नव्या राउटरची पोर्ट मुळात बंद असतात आणि ‘पोर्ट चालू कर’ ही ओळ मजकुराच्या प्रतीत दिसतच नाही. सगळे कॉन्फिगरेशन अचूक चिकटवले तरी एकही दिवा लागत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस केबल बदलत बसतो.

चौथी गोष्ट घड्याळाची. अनेक छोट्या राउटरांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. लाईट जाऊन आली की ते थेट 1970 सालात जागे होतात आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत त्यांच्या नोंदींवर चुकीची तारीख पडते. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि नोंदी 180 दिवस जपायच्या आहेत. कॉन्फिगरेशन परत चढवल्यावर वेळेची सेटिंग तपासणे हे म्हणूनच शेवटचे काम असले तरी ते वगळून चालत नाही.

माघारीची वाट

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक रत्नागिरीकरांना नवे नाही. बरीच वर्षे 10 जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत गाड्या कमी वेगाने धावत आल्या आणि नंतर नेहमीचे वेळापत्रक परत लागू होत आले. बदल कधी सुरू होणार आणि कधी मागे घेतला जाणार, दोन्ही आधीच ठरलेले असते. नेटवर्कमधला प्रत्येक मोठा बदल असाच करायला हवा.

यंत्रे बनवणाऱ्यांनी त्याची सोयही ठेवली आहे. जुनिपर कंपनीच्या राउटरमध्ये बदल ‘तात्पुरता मंजूर’ करता येतो. ठरल्या वेळेत, मुळात दहा मिनिटांत, पुन्हा मंजुरी दिली नाही तर यंत्र आपणहून आधीच्या स्थितीला जाते. शिवाय मागच्या पन्नासपर्यंत प्रतींपैकी हवी त्या प्रतीकडे परतता येते. मायक्रोटिकमध्ये ‘सेफ मोड’ आहे: बदल करताना आपलाच संपर्क तुटला तर त्या मोडमध्ये केलेले बदल मागे घेतले जातात. सिस्कोमध्ये बदलाआधी ‘दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो’ अशी आज्ञा देऊन ठेवतात. सगळे ठीक झाले तर ती रद्द करायची. आपण बाहेर फेकले गेलो तर यंत्र रीस्टार्ट होऊन साठवलेल्या जुन्या प्रतीवर येते. गुहागरला बसून मंडणगडच्या टॉवरवरचा राउटर बदलणाऱ्यासाठी ही एक ओळ म्हणजे घाटातला रात्रीचा प्रवास वाचणे.

माघारीची वाट बंद झाली तर काय होते हे 4 ऑक्टोबर 2021 रोजी जगाने पाहिले. फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे सारे जाळे तुटले. अशा आज्ञा अडवणाऱ्या तपासणी-साधनातच दोष होता. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास बंद पडले. दुरुस्ती करणाऱ्यांची साधनेही त्याच जाळ्यावर चालत असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. प्रत असणे पुरेसे नाही. जाळे बंद असतानाही तिच्यापर्यंत पोचता आले पाहिजे, हा त्यातला धडा.

प्रत ठेवायची कुठे?

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचे. 2005 च्या आणि 2021 च्या, अशा दोन्ही पुरांत तिथल्या ग्रंथांचे नुकसान झाले. दुर्मीळ पुस्तक भिजले की त्याची भरपाई नसते. काही किलोबाइटच्या फाइलीला ही सबब नाही. तरी कित्येक ठिकाणी तिची एकमेव प्रत त्याच खोलीतल्या, त्याच टेबलावरच्या संगणकात असते आणि राउटरबरोबर तोही पाण्यात जातो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम इथे चपखल बसतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि एक दुसऱ्या गावात. चिपळूणच्या कार्यालयाची प्रत रत्नागिरीच्या शाखेत, रत्नागिरीची पुण्यात किंवा क्लाउडवर. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि सोबत छापील कागद प्लास्टिकच्या पिशवीत, कारण नेट बंद असताना क्लाउड उघडत नाही.

सुरक्षितताही पाहायला हवी. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत पासवर्ड असतात, काही वेळा सरळ वाचता येतील असे. सिस्कोच्या जुन्या ‘टाइप 7’ पद्धतीने झाकलेला पासवर्ड तर क्षणात उलगडता येतो. प्रती नेण्या-आणण्यासाठी वापरला जाणारा टीएफटीपी हा 1981 सालचा प्रोटोकॉल लॉगइनच मागत नाही. म्हणून अशी फाइल कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. ती पासवर्ड लावून ठेवावी आणि तो पासवर्ड निदान दोन जबाबदार माणसांना ठाऊक असावा. एकट्यालाच ठाऊक असेल तर आपण पुन्हा एका माणसाच्या डोक्यापाशी येऊन थांबलो.

एकदा करून पाहा

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती कागदावर होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतली एकही धड चालत नसल्याचे दिसले. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, तिच्यामुळे कंपनी वाचली. मधल्या सहा तासांचे काम गेले. जगभरचे प्रोग्रॅमर ज्यांच्याकडे आपले काम ठेवतात त्यांची ही गत, तर तालुक्याच्या पतसंस्थेने आपल्या न तपासलेल्या फाइलीवर किती विसंबावे?

म्हणून मे महिन्यात, आगोटीची इतर कामे उरकतानाच, हे कामही उरकून घ्यावे. प्रत्येक यंत्रातली चालू प्रत साठवली आहे ना, ते पाहावे. नव्या प्रती काढून त्यांवर मॉडेल, आवृत्ती आणि तारीख लिहावी. एक प्रत गावाबाहेर पाठवावी. कोपऱ्यात पडलेला एखादा जुना किंवा उसना राउटर घेऊन, तो रिसेट करून, त्यावर प्रत चढवून पाहावी आणि हे काम नेहमीच्या तंत्रज्ञाने न करता दुसऱ्या कोणीतरी, नुसत्या लिहिलेल्या सूचना वाचून करावे. त्याला जिथे अडेल तिथे सूचना अपुऱ्या आहेत असे समजून त्या सुधाराव्यात. हे सारे एका दुपारचे काम आहे. ज्या प्रतीवरून यंत्र एकदाही उभे करून पाहिलेले नाही, ती प्रत आपल्याकडे आहे असे धरूच नये.